कातारी, खरादी आणि टर्नर

मराठीत ज्याला आपण कातारी म्हणतो त्यालाच दिल्लीकडे खरादी म्हणतात, आणि कारखान्याच्या हजेरीपटावर त्याची नोंद टर्नर या नावाने होते. तिन्ही शब्दांचा अर्थ एकच : वस्तू फिरती ठेवून हत्याराच्या धारेने तिला गोल आकार देणारा कारागीर. अर्थ एक असला तरी या तीन शब्दांमागे तीन निरनिराळे काळ उभे आहेत. पाळण्याचे खूर, लाटणी आणि सावंतवाडीची लाखेची रंगीत खेळणी करणारा कातारी हा गावगाड्यातला. खरादी हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने उत्तरेच्या बाजारपेठांत आला. टर्नर आला तो आगबोटी, आगगाड्या आणि गिरण्या यांच्याबरोबर. आज मला सांगावयाचे आहे ते या तिसऱ्याच्या यंत्राविषयी, म्हणजे लेथविषयी. श्रोत्यांपैकी पुष्कळांनी हे यंत्र पाहिलेही नसेल. परंतु आपण ज्या खुर्चीवर बसला आहात तिचा स्क्रू, डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याचा दांडा आणि शेतातल्या पंपाचा आस या सर्वांच्या वंशावळीत कोठे ना कोठे लेथ हा असतोच.

जुन्या कातार्‍याचे साधन अगदी साधे होते. लाकडाचा तुकडा दोन टोकदार खिळ्यांच्या मध्ये धरावयाचा, त्याला दोरीचा वेढा द्यावयाचा, आणि एका हाताने धनुकली पुढेमागे ओढीत दुसऱ्या हाताने व पायाच्या बोटांनी पटाशी धरावयाची. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. त्यातली एकच फेरी कापणारी, दुसरी फुकट. तरीही या साधनावर जी सुबक कामे झाली ती पाहिली म्हणजे त्या हातांचे आश्चर्य वाटते. मर्यादा होती ती वेगळीच. सारी अचूकता कारागिराच्या मनगटात साठविलेली असे आणि ती त्याच्याबरोबरच संपत असे. बापाने केलेल्या लाटण्यासारखे लाटणे मुलगा करी; पण तंतोतंत तसेच, केसभरही फरक नसलेले, असे दोघांपैकी कोणालाच करता येत नसे, आणि लाटण्याला त्याची गरजही नव्हती.

गरज निर्माण झाली ती यंत्रयुगात. हेन्री मॉडस्ले हा वुलिच येथे १७७१ साली जन्मलेला इंग्रज कारागीर. कुलुपे करणाऱ्या जोसेफ ब्रामाच्या कारखान्यात तो मुख्य कारागीर होता. पगारवाढ नाकारली गेली म्हणून १७९७ साली त्याने ती नोकरी सोडली आणि लंडनमध्ये स्वतःचे दुकान थाटले. तेथे १८००च्या सुमारास त्याने स्क्रू कापणारा जो लेथ बांधला, तो आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. हत्यार माणसाच्या हातातून काढून सरकत्या बैठकीत घट्ट बसवावे ही कल्पना सर्वस्वी त्याची नव्हे. फ्रान्समध्ये व्होकाँसाँने अठराव्या शतकाच्या मध्यासच तसा प्रयत्न केला होता. मॉडस्लेने सरकती बैठक, तिला ओढून नेणारा लांब स्क्रू आणि त्या स्क्रूची गती बदलणारी दातेरी चाके या तीन गोष्टी संपूर्ण धातूच्या एका यंत्रात एकत्र आणल्या. यंत्राला एक चांगला स्क्रू दिला की ते त्याच्यासारखे शेकडो स्क्रू कापून देऊ लागले. मनगटातली अचूकता यंत्रात उतरली आणि एका यंत्रातून दुसऱ्यात जाऊ लागली. लेथला यंत्रांची जननी म्हणतात ते याच अर्थाने.

मॉडस्लेच्याच कारखान्यात काम शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थने पुढचे पाऊल टाकले. त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका बोल्टची चाकी दुसऱ्या बोल्टला बसत नसे. मोडलेल्या बोल्टबरोबर त्याची चाकीही फेकून द्यावी लागे. १८४१ साली व्हिटवर्थने ठरावीक जाडीला ठरावीक आटे आणि त्यांचा कोन ५५ अंशांचा, असे प्रमाण सुचविले. राज्यक्रांत्यांच्या इतिहासात या घटनेला कोणी जागा देत नाही. परंतु ब्रिटिश साम्राज्यात जेथे जेथे आगगाडी गेली तेथे तेथे हा ५५ अंशांचा कोनही गेला.

येथे दिल्लीकराला मेहरौलीच्या लोहस्तंभाची आठवण होणे साहजिक आहे. सात मीटरांहून उंच, सहा टनांहून जड, आणि सुमारे सोळाशे वर्षे उन्हापावसात उभा असलेला तो स्तंभ आमच्या लोहारांच्या कसबाची साक्ष देतो, यात शंका नाही. मात्र ती साक्ष कशाची, हे नीट ओळखले पाहिजे. तो एकमेव आहे. त्याचा कोणताही भाग दुसऱ्या कशात बसावयाचा नव्हता. यंत्रयुगाने धातूकडून निराळीच गोष्ट मागितली : हजारावी वस्तू पहिलीसारखीच असली पाहिजे. त्या परीक्षेला बसण्याची साधने आमच्याकडे नव्हती. ती मिळविण्यासाठी आम्हांला शंभर वर्षे खर्च करावी लागली.

या शंभर वर्षांची कथा मुंबईच्या गोदीत सुरू होते. जहाजबांधणीच्या वाडिया घराण्यातील अर्देशीर खरशेटजी यांनी तारुण्यातच लहानसे वाफेचे यंत्र स्वतः तयार केले. १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. ज्या वर्षी व्हिटवर्थने आट्यांचे प्रमाण मांडले तेच हे वर्ष. पुढे १८५३ मध्ये आगगाडी आली, तिच्यामागून दुरुस्तीचे मोठे कारखाने आले आणि हजारो भारतीय हात लेथवर बसले. पण ते लेथ बहुतेक विलायतेहून येत. यंत्र चालविणारे आम्ही, यंत्र करणारे दुसरे, अशी ही वाटणी होती.

ही वाटणी मोडण्याचा महाराष्ट्रातील सर्वांत चिकाटीचा प्रयत्न लक्ष्मणराव किर्लोस्करांचा. १८६९ साली बेळगावजवळच्या गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. चित्रकला शिकावयास ते मुंबईला गेले. रंगांची पारख डोळ्यांना होत नाही असे आढळल्यावर यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला परतले. मॉडस्लेच्या चरित्रातील प्रसंगाशी याचे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर असा क्रम लागला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. बेळगावची जागा नगरपालिकेच्या योजनेत गेली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर ओसाड जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. याच वाडीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. कारखान्याचे वार्तापत्र म्हणून जन्मलेले हे मासिक पुढे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जाऊन बसले. ओतशाळेच्या शेजारी छापखाना, हे दृश्य आपल्याकडे दुर्मिळ. म्हणून ते आवर्जून सांगितले.

पहिल्या महायुद्धात लोखंड दुर्मिळ झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. इतिहासाच्या अभ्यासकाला हे ऐकून क्षणभर वाईट वाटते. या प्रसंगाकडे मी पुन्हा वळणार आहे.

दुसऱ्या महायुद्धाने विलायती यंत्रांची आवक जवळजवळ तोडली. त्या तुटवड्यात, १९४१ साली, त्या वेळच्या म्हैसूर संस्थानात तुंगभद्रेकाठच्या हरिहर येथे ‘म्हैसूर किर्लोस्कर’ ही कंपनी स्थापन झाली. नांगर करणाऱ्या घराण्याने लेथ करावयास घेतले. यंत्रे करणारी यंत्रे या देशात निघू लागली. तिचे ‘एंटरप्राइझ’ लेथ देशभरच्या कारखान्यांत आणि शिक्षणसंस्थांत पोहोचले. स्वातंत्र्यानंतर सरकारने १९५३ साली बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्स स्थापन केली आणि स्वित्झर्लंडच्या ओर्लिकोन कंपनीच्या साहाय्याने तेथेही लेथ बनू लागले. पंजाबात बटाला आणि लुधियाना, सौराष्ट्रात राजकोट येथे लहान लहान ओतशाळांनी स्वस्त लेथ काढले. त्यांची अचूकता बेताची असेल. पण तालुक्याच्या गावी पंप दुरुस्त करणारा माणूस ज्या लेथवर उभा राहिला तो बहुधा असाच कोठला तरी होता. या शतकाच्या आरंभी हरिहरचा कारखाना बंद पडला. संगणकाने चालणाऱ्या यंत्रांनी बाजार व्यापला आणि जुने लेथ वजनावर विकले जाऊ लागले.

दिल्लीत असे वजनावर विकले जाणारे लोखंड पाहावयाचे असेल तर मायापुरीस जावे. मी द्वारकेस राहतो; तेथून मायापुरी फार दूर नाही. इतिहासात एम. ए. केलेल्या सरकारी नोकराचे भंगारबाजारात काय काम, असे कोणी विचारील. एक लहानसा, टेबलावर बसविण्याजोगा, साडेतीन इंच केंद्रउंचीचा जुना लेथ तेथून मी आणला, आणि गेली काही वर्षे सुटीचे दिवस त्याच्याबरोबर घालवीत आहे. त्याची नावाची पट्टी कोणी तरी काढून नेलेली आहे. तो कोणी व केव्हा केला हे सांगणारा एकही कागद नाही. अशा वेळी लोखंडच वाचावे लागते.

जुना लेथ घरी आणल्यावर वीज जोडून तो फिरवून पाहण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा, ही पहिली शिस्त. आधी प्रत्येक भाग सुटा करावा, खुणा कराव्यात, डिझेलमध्ये भिजविलेल्या फडक्याने वर्षांचे घट्ट झालेले तेल उतरवावे. गंज काढताना बेडवर, म्हणजे ज्या सपाट रुळांवर हत्याराची बैठक सरकते त्यांवर, पॉलिशपेपर घासू नये. त्याचे कण रुळांत रुततात आणि पुढे त्यांची झीज करीत राहतात. हा बेड ओतीव लोखंडाचा, आपल्या ओतारी भाषेत बिडाचा, असतो. बिडातला ग्रॅफाइट कंप शोषून घेतो आणि थोडे वंगणही पुरवितो. म्हणूनच दोनशे वर्षांत पोलाद इतके पुढे गेले तरी लेथचा बेड बहुधा बिडाचाच राहिला.

साफ केलेला बेड म्हणजे एक चरित्रग्रंथच. हेडस्टॉकच्या जवळ तो सर्वांत अधिक झिजलेला असतो, कारण बहुतेक कामे आखूड असतात आणि चकाच्या तोंडाशीच होतात. टेलस्टॉकच्या बाजूला रुळांवर मूळच्या स्क्रेपरचे ठसे अजून दिसतात. कारागिराने निळा रंग लावून, सपाट पाट्याला घासून, जेथे जेथे उंचवटा उमटला तेथे तेथे हाताने खरवडल्याच्या त्या खुणा होत. तीन पाटे एकमेकांना आळीपाळीने जुळवून खरा सपाटपणा कसा मिळवावा, हे व्हिटवर्थने १८४० साली जाहीरपणे मांडले होते. यंत्रयुगाची सारी अचूकता अखेर अशा हाताने खरवडलेल्या पृष्ठभागावर उभी आहे, हे पुस्तकातून वाचणे वेगळे आणि बोटांनी चाचपून पाहणे वेगळे.

माझ्या लेथचे मूळचे सर्व आटे ५५ अंशांचे आणि इंचांच्या मापाचे आहेत. बैठक ओढणाऱ्या लांब स्क्रूला इंचाला आठ आटे आहेत. परंतु त्याच्याबरोबर आलेल्या चाकांच्या ढिगात एक चाक इतरांहून निराळे निघाले. त्याचे बीड वेगळ्या रंगाचे, दातांची घडण वेगळ्या हाताची. दात मोजले; ते १२७ भरले.

हा आकडा आपल्या देशाच्या अर्वाचीन इतिहासातील एक पान आहे. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५७च्या एप्रिलपासून दशमान नाणी आली आणि १९५८च्या ऑक्टोबरपासून शेर-मण, फूट-इंच टप्प्याटप्प्याने मागे पडून किलोग्रॅम व मीटर आले. आम्हां सरकारी लोकांच्या फायलींत ही सुधारणा अधिसूचनांच्या रूपाने नोंदली गेली आहे. पण देशातले हजारो लेथ इंचांवर बांधलेले होते. ते अधिसूचनेने बदलणार नव्हते. इंच म्हणजे २५·४ मिलिमीटर. त्याची पाचपट १२७. इंचाला आठ आटे असलेल्या स्क्रूवर १२७ दातांचे चाक बसविले आणि फिरत्या दांड्याकडे ४० दातांचे, तर बरोबर एक मिलिमीटर अंतराचे आटे कापले जातात. एका चाकाने इंचांचा लेथ मीटरची भाषा बोलू लागतो.

आता हे चाक करणे किती अवघड हेही पाहिले पाहिजे. १२७ ही मूळ संख्या. तिचे समान भाग पाडता येत नाहीत. चाकाला दात पाडताना वर्तुळ विभागण्यासाठी भोकांच्या ज्या तबकड्या सामान्य कारखान्यात असतात, त्यांच्यावर १२७ भाग सरळ पडत नाहीत. त्यासाठी तबकडीलाही दातेरी चाकांनी फिरते ठेवण्याची किचकट युक्ती करावी लागते, किंवा आधी १२७ भोकांची स्वतंत्र तबकडी तयार करावी लागते. हे काम ज्याने केले तो कोणी सामान्य माणूस नव्हता. त्याचे नाव कोठेही नाही. त्याने निवेदन दिले नाही, नवे यंत्र मागितले नाही. आपल्या जुन्या यंत्राला नव्या देशाचे माप शिकविले. दशमान पद्धतीच्या स्वीकाराचा इतिहास लिहिताना समित्यांची नावे येतात, ती यावीतच. परंतु ते अहवाल ज्यांनी लोखंडात उतरविले त्यांच्यासाठी एक तरी परिच्छेद राखून ठेवला पाहिजे.

यंत्र जुळविणे हा अर्धा भाग; ते चालविणे शिकणे हा दुसरा. मायापुरीतल्या एका वृद्ध खरादीने मला पहिले धडे दिले. त्याची परिमाणे तीन पिढ्यांची होती : जाडी तो सुतात सांगे, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, बारीक काम ‘थाऊ’मध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, आणि गिऱ्हाइकाच्या नकाशावरचे मिलिमीटर तो मनातल्या मनात या दोहोंत उतरवून घेई. हत्याराचे टोक बरोबर केंद्राच्या उंचीवर आहे की नाही हे पाहण्याची त्याची रीत साधी होती. पोलादी पट्टी गोल सळई आणि हत्याराचे टोक यांच्यामध्ये हलकेच दाबावी. पट्टी उभी राहिली तर उंची बरोबर, कलली तर चूक. पंचवीस मिलिमीटरच्या मऊ पोलादी सळईसाठी मिनिटाला सुमारे तीनशे फेरे पुरतात; पण हे त्याने मला आकड्यात कधीच सांगितले नाही. काप बरोबर चालला असता जो एकसारखा आवाज येतो तो ऐकावयास लावले. हत्यार थरथरू लागले की आवाज बदलतो आणि कामावर लाटा उमटतात.

आणखीही काही त्याने शिकविले. जुन्या स्क्रूला ढिलाई असते. हँडल उलटे फिरविले तर काही अंश ते नुसतेच फिरते, हत्यार हलत नाही. म्हणून मापावर नेहमी एकाच बाजूने यावे. पुढे गेलो तर बरेच मागे जाऊन पुन्हा यावे. इंचांच्या स्क्रूवर मिलिमीटरचे आटे कापताना काम संपेपर्यंत स्क्रूची पकड सोडू नये, सगळे यंत्रच उलटे फिरवून मागे आणावे. नाहीतर दुसरा काप पहिल्याच्या खोबणीत पडत नाही. चकाची किल्ली चकात राहू देऊ नये. बाह्या दुमडाव्यात; हातमोजे घालू नयेत; आणि दिल्लीच्या थंडीत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गळ्यातला मफलर काढून ठेवावा. फिरते लोखंड कोणाचा हुद्दा पाहत नाही.

हे सर्व शिकताना एक जुनी गोष्ट नव्याने समजली. आपल्या समाजाने विद्या आणि हात यांची फारकत शतकानुशतके जपली. लिहिणारा वेगळा, करणारा वेगळा. आणि करणाऱ्याचे ज्ञान लिहिले गेले नाही म्हणून ते ज्ञानच नव्हे, असे लिहिणाऱ्याने ठरवून टाकले. १२७ दातांचे ते चाक या निवाड्याविरुद्ध दाखल केलेला पुरावा आहे. त्यात अंकगणित आहे, भूमिती आहे, आणि देशाच्या धोरणाचे अचूक आकलनही आहे.

आता पन्हाळ्याच्या तोफांकडे वळू. त्या वितळविल्या ते बरेच झाले, असे मी म्हणतो. तोफांचे काम संपले होते, शेतकऱ्याचे अडले होते. मग जुना लेथ वितळविला तर तक्रार का करावी? उत्तर असे की लेथचे काम संपलेले नाही. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत १९५०पासून टर्नर घडविले जात आहेत, आणि संगणकाच्या यंत्रावर जाणाऱ्या मुलालाही धातू कसा कापला जातो हे आधी हाताला कळावे लागते. शिवाय तोफा कोणाच्या, कोठल्या, हे इतिहासाने लिहून ठेवले होते. या लेथांचे तसे कोणीच लिहिलेले नाही. तोफ वितळली तरी पन्हाळा उरतो. लेथ वितळला की त्यावर उभ्या राहिलेल्या माणसाची शेवटची खूणही जाते.

सगळेच जुने लेथ वाचवावेत असे कोणी म्हणणार नाही. तशी जागाही नाही आणि लोखंड देशाला हवेच आहे. पण भट्टीत जाण्यापूर्वी त्यावरची नावाची पट्टी, कारखान्याचे गाव, क्रमांक, मागाहून केलेल्या दुरुस्त्या एवढे तरी टिपून ठेवणे अशक्य नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, सांगली-साताऱ्याच्या ओतशाळांत, मुंबईच्या जुन्या गाळ्यांत असे लेथ अजून सापडतील. आणि ज्यांच्या बोटांना त्यांची भाषा येते असे वृद्ध टर्नरही सापडतील. त्यांच्याकडे महाविद्यालयातील इतिहासाच्या एखाद्या विद्यार्थ्याने वही घेऊन जावे, आणि जमले तर वही बाजूला ठेवून तासभर बाह्या दुमडाव्यात. किल्ल्यांची आणि बखरींची मोजदाद आपण मोठ्या निष्ठेने केली. या यंत्रांची मोजदाद अजून व्हावयाची आहे, आणि ती करता येण्याजोगी वर्षे फार उरलेली नाहीत.